चाळीस पावलांवरचा रंग

पोहता न येणाऱ्या माणसाने पोहण्याच्या तलावाची देखभाल करावी, यात तसं काही वावगं नाही. दातांच्या डॉक्टरचे स्वतःचे सगळे दात किडलेले असावेत, असा आग्रह आपण कुठे धरतो? आमच्या नळीवाल्याला पोहता येत नव्हतं आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. पंधरा वर्षांत तो गुडघाभर पाण्याच्या पुढे गेला नव्हता, आणि जाण्याची इच्छाही नव्हती. त्याने लपवलेली गोष्ट वेगळीच होती.

चार इमारतींची सोसायटी, मधोमध तलाव. सकाळी साडेपाचला नळीवाला कामाला लागायचा. लांब दांड्याच्या जाळीने आधी पाण्यावरची पानं, किडे आणि कुणाच्या तरी गॅलरीतून पडलेले कपड्यांचे चिमटे काढायचे. मग पाण्याच्या रेषेवरच्या फरशा ब्रशने घासायच्या, कारण लोक अंगाला जे काही तेल-क्रीम चोपडून येतात ते नेमकं तिथे जाऊन बसतं. मग तळाशी व्हॅक्यूमचा पाइप फिरवायचा, तोही अगदी सावकाश. घाई केली की गाळ उठतो आणि दोन तास खाली बसत नाही. मग पंपाच्या खोलीत जाऊन वाळूचा फिल्टर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचा. हे सगळं तो असं मन लावून करायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला यातच सकाळचं पोहायला मिळतंय.

शेवटचं काम नळ्यांचं. बोटाएवढ्या दोन काचेच्या नळ्या. कोपरापर्यंत हात बुडवून त्या पाण्याने भरायच्या, एकीत या बाटलीतले पाच थेंब, दुसरीत त्या बाटलीतले पाच. पहिलीतलं पाणी पिवळं होतं. जितकं गडद, तितकं पाण्यात क्लोरीन जास्त. दुसरीतलं लालसर होतं; त्यावरून पाणी किती आंबट आहे ते कळतं. रंग तक्त्याशी जुळवायचा आणि त्याप्रमाणे औषध टाकायचं. पाचवीतल्या पोरालाही जमेल असं काम.

फक्त नळीवाल्याला ते जमत नव्हतं. लाल, हिरवा, केशरी, तपकिरी ही सगळी त्याच्या लेखी एकाच घरातली भावंडं होती, आणि त्यातलं कुठलं कोण ते त्याला जन्मात ओळखता आलं नव्हतं. नोकरीसाठी भेटायला आला तेव्हा त्या वेळच्या सेक्रेटरीने विचारलं होतं, "रंग नीट ओळखता येतात ना? या कामात तेच महत्त्वाचं." सात महिने घरी बसलेला माणूस काय सांगणार? "अगदी," तो म्हणाला. पहिला पगार झाला की खरं सांगून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. मग दुसरा झाला की. मग पंधरा वर्षं झाली. नोकरी जाईल ही भीती मात्र पहिल्या दिवसाइतकीच ताजी राहिली. वॉचमनपासून बायकोपर्यंत कुणाला म्हणून त्याने ते सांगितलं नाही.

बायकोला तर नाहीच नाही. कारण बायकोचं पोटच रंगांवर होतं. सोसायटीच्या फाटकाला लागून तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, उसवलेलं शिवणं. भिंतभर दोऱ्याची रिळं, आणि प्रत्येक रिळाचं नाव तिला पाठ. दोन रिळं तुम्हाला-आम्हाला अगदी सारखी दिसावीत आणि तिने एकाला अबोली म्हणावं नि दुसऱ्याला गुलबक्षी, वर आपल्याकडे असं बघावं की आपल्यालाच शरम वाटावी.

कामाच्या पहिल्याच सकाळी नळीवाला त्या दोन नळ्या घेऊन तिच्याकडे गेला. "जरा बघ गं. तुझी नजर बारीक आहे," म्हणाला. तिने नळ्यांशेजारी रिळं धरली, मान तिरकी केली आणि निकाल दिला, "ही लिंबू. ही अबोली." तक्त्यावरचे आकडे तिला कधी पटलेच नाहीत. रंगाला आकडा म्हणजे काय, असं ती म्हणायची. मग त्यानेच पंपाच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवली. लिंबू म्हणजे ठीक. हळदी म्हणजे आज औषध नको. केशरी म्हणजे दोन दिवस औषध बंद. अबोली उत्तम, गुलबक्षी वाईट. पंधरा वर्षं त्या तलावाचं पाणी या यादीवर चाललं, आणि चांगलं चाललं. सोसायटीच्या रजिस्टरात कुणी डोकावलं असतं तर त्याला ते एखाद्या साडीच्या दुकानातलं वाटलं असतं. पण रजिस्टर कोण वाचतं?

तलाव ते दुकान चाळीस पावलं. वाटेत वॉचमनची केबिन लागायची. हातात नळ्या धरून रोज जाणाऱ्या या माणसाला वॉचमन कधीमधी म्हणायचाही, "आणा इकडे, मी सांगतो रंग."

"नको," नळीवाला म्हणायचा आणि पुढे जायचा.

सगळं बिनसलं ते एका सोमवारी, आणि तेही पडद्यांवरून. बायकोने झोपायच्या खोलीसाठी नवे पडदे शिवले होते. दुकान सांभाळून दोन आठवडे खपली होती बिचारी. पडदे लावले, दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "कसे दिसतात?"

नळीवाला चहा पीत होता. चहा पिताना माणसाने कुठलंही मत देऊ नये. तो म्हणाला, "मस्त. हिरवा रंग डोळ्यांना कसा गार वाटतो."

पडदे विटकरी होते.

"कुठला रंग?" बायकोने विचारलं. तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय.

"हाच की. हिरवा."

बायकोच्या चेहऱ्याचा रंग बदलला. पण तो बदलून कुठला झाला, हे कळण्यात नळीवाल्याला अडचण होतीच. "पंधरा वर्षांत माझ्या एका तरी गोष्टीकडे तुम्ही धड बघितलंय का हो?" ती म्हणाली. "मी काय शिवते, काय नेसते, भिंतीला काय लावते. काही बघता का?"

तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच, "पडद्यांचं काय एवढं."

हे वाक्य कुठल्याही घरात कुठल्याही बायकोला म्हणून बघा. तासाभरात ती बॅग भरून आपल्या ताईकडे निघून गेली. दुकानाच्या शटरवर कागद चिकटवला होता : 'ताईकडे आहे. कधी येईन ते सांगता येत नाही.' खाली तिने जाड रेघ ओढली होती. ती रेघ कुणासाठी आहे ते त्याला बरोबर कळलं.

मंगळवारी सकाळी नळीवाला नळ्या घेऊन सवयीने चाळीस पावलं चालला आणि शटरसमोर उभा राहिला. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता रंग कोण सांगणार? नाइलाजाने तो वॉचमनकडे वळला आणि अगदी सहज विचारतोय असं दाखवत म्हणाला, "काय रे, हा रंग तुला कसा वाटतो?"

"लालसर."

"लालसर म्हणजे?"

वॉचमनने बराच विचार केला. "म्हणजे लाल आहे, पण मनापासून नाही."

यादीत असला रंग नव्हता. तेवढ्यात पाणबुडे आजोबा अंग पुसत आले. हे गृहस्थ रोज सकाळी सहाला पाठीवर झोपून तासभर तरंगायचे. पांढरीशुभ्र दाढी तेवढी पाण्यावर पसरलेली दिसायची. त्यांनी नळी डोळ्यांशी नेली आणि म्हणाले, "माझ्या पहिल्या स्कूटरचा रंग अगदी असा होता." मग स्कूटरची हकिकत झाली. ती कुठे कुठे बंद पडली ते सगळं झालं. रंग तिथेच राहिला.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई पोहायची टोपी घालून आल्या. या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी सांगितलंय की नाही अशी शंका यावी असा त्यांचा आवाज. "काय चाललंय? सगळ्यांना काय दाखवताय?"

"काही नाही बाई. लोकांचा सहभाग असावा म्हणून," नळीवाला म्हणाला आणि तिथून सटकला.

शेवटी त्याने ठरवलं. नळ्यांच्या तोंडावर अंगठे दाबले, बस पकडली आणि तो मेव्हणीच्या घराकडे निघाला. अकरा थांबे. बसमध्ये दोन्ही हातांत दोन नळ्या, एक पिवळी, एक लालसर, आणि त्या हिंदकळू नयेत म्हणून श्वास रोखून बसलेला माणूस. शेजारच्या बाई आधी जराशा सरकल्या, मग पुरत्या उठूनच गेल्या. समोरच्या गृहस्थांना राहवेना.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पंधरा वर्षं झाली," नळीवाला म्हणाला.

"अरेरे. आणि ते लालसर?"

"तेही रोजचंच. सकाळी दोन्ही एकदम काढतो."

"त्रास होत नाही काढताना?"

"छे. सवय झालीय. थंडीत जरा गार लागतं, एवढंच."

पुढच्या थांब्यावर निम्मी बस रिकामी झाली. ते गृहस्थ उतरता उतरता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले, "दाखवा कुणाला तरी. असं अंगावर काढू नका."

"दाखवायलाच चाललोय, बायकोला," नळीवाला म्हणाला. मग तर कंडक्टरही त्याच्याकडे फिरकला नाही.

मेव्हणीच्या घराचं दार साडूने उघडलं. याला दुसऱ्यांच्या भांडणात पंच व्हायची भारी हौस. "या, या," तो म्हणाला. "तुम्ही मागे हटू नका, आणि ती पण हटणार नाही. बघू या किती दिवस चालतंय." मागून बायको आली. नवऱ्याशी बोलायचं नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. पण समोर नळ्या आल्या आणि तिच्या धंद्याचा स्वभाव जिंकला.

"ही तर केशरी झालीय. इतकं औषध कोण ओततं?" ती म्हणाली. "दुसरी अबोलीच आहे." आणि दार लागलं.

म्हणजे तीन वाक्यं बोलली. नळीवाल्याच्या जिवात जीव आला. पिवळी नळी तलावावर असताना इतकी गडद नव्हती, असं त्याला अंधुकसं वाटलं होतं. पण स्वतःच्या डोळ्यांवर त्याने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता, आणि बायको म्हणाली म्हणजे विषय संपला. केशरी तर केशरी. औषध दोन दिवस बंद.

बुधवारी तो पुन्हा बसने गेला. "हळदी," ती म्हणाली, आणि वर, "जेवलात का?" गुरुवारी "लिंबू." लिंबू म्हणजे पाणी एकदम फर्स्ट क्लास. त्याने परतताना बसमध्ये शीळ घातली. आणखी दोन-तीन चकरा मारल्या की ही घरी येते, असा त्याचा हिशेब होता.

शुक्रवारी सकाळी तलाव हिरवागार झाला होता.

हे सोसायटीतल्या सगळ्यांना दिसलं. गॅलऱ्यांमध्ये लोक जमले, एकमेकांना हाका मारून दाखवू लागले. आणि त्या हिरव्या पाण्याच्या काठावर नळीवाला ऐटीत उभा राहून जाळी फिरवत होता. त्याला पाणी जरा फिकट वाटलं होतं. आभाळ भरून आलंय म्हणून तसं दिसत असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं. इतके लोक वरून आपलं काम बघतायत म्हटल्यावर त्याला हुरूप आला. त्याने फरशा दुप्पट जोराने घासल्या.

पाणबुडे आजोबा चष्मा न लावता सहालाच पाण्यात उतरले होते. तासभर तरंगून ते बाहेर आले तेव्हा सेक्रेटरीबाई काठावर उभ्या होत्या.

"नळीवाले, हे काय आहे?"

"पाणी, बाई."

"कसलं पाणी? आजोबांची दाढी बघा."

नळीवाल्याने नीट बघितली. "छान आहे की. पांढरीशुभ्र."

वरच्या सगळ्या गॅलऱ्या एकदम हसल्या. आजोबांनी दाढी हातात घेऊन स्वतःच्या डोळ्यांसमोर धरली आणि ते खालीच बसले. तिच्यात शेवाळ्याचे बारीक हिरवे धागे अडकले होते. नळीवाल्याने गॅलऱ्यांकडे बघितलं, दाढीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि जाळी खाली ठेवली. औषध बंद, त्यात चार दिवसांचं कडक ऊन, काय झालं असेल ते बाकी सगळ्यावरून त्याला समजलं. फक्त दिसत मात्र नव्हतं.

"शेवाळ," तो कसाबसा म्हणाला. "होतं कधीकधी. करतो ठीक."

सेक्रेटरीबाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. आयुष्यभर त्यांनी गृहपाठ न केलेल्या मुलांचे चेहरे बघितले होते. "उद्या सकाळपर्यंत पाणी निळं हवं," त्या म्हणाल्या. "आणि हे कसं झालं ते मला लेखी द्या. पटलं नाही तर मी दुसरा माणूस बघेन."

त्या दिवशी नळीवाला बसने गेला तो रिकाम्या हातांनी. बायकोने खिडकीतून बघितलं, हातात नळ्या नाहीत हे बघून ती घाबरली आणि चपला न घालताच खाली आली. "काय झालं? कुणी बुडलं का?"

"मी," तो म्हणाला. आणि फुटपाथवर उभ्या उभ्या त्याने तिला सगळं सांगितलं. लाल, हिरवा, मुलाखत, पंधरा वर्षं, आजोबांची दाढी.

ती ऐकत राहिली. मग तिच्या मनात एकेक गोष्ट जुळत गेली. "म्हणजे आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, हिरवा रंग तुला शोभतो. मी लाल घातला होता. मला वाटलं, काय विनोदी माणूस आहे. म्हणून तर हो म्हटलं मी."

"मी मनापासून म्हणालो होतो."

"आणि ते मोजे? रोज एक तांबडा, एक हिरवा? मला वाटायचं, तुमची काहीतरी स्टाइल आहे."

"दोन वेगळे असतात?" नळीवाल्याने विचारलं. त्याला खरोखरच धक्का बसला होता.

ती हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकून बसली. मग हसता हसता एकदम थांबली. "म्हणजे रोज सकाळी तुम्ही दुकानात यायचात ते रंग कळत नव्हते म्हणून," ती म्हणाली. "मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही. वाटायचं, माणूस काहीतरी निमित्त काढून येतो रोज." ती उठली आणि पदराला नसलेली धूळ झटकू लागली.

नळीवाल्याला फार वाईट वाटलं. काही छान बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण तो त्या कामाचा माणूस नव्हता. त्याला पावलं तेवढी माहीत होती. "वॉचमनची केबिन तलावापासून अठरा पावलांवर आहे," तो म्हणाला.

"मग?"

"तो कितीदा म्हणायचा, मी सांगतो रंग. तुझं दुकान चाळीस पावलं आहे."

ती बॅग आणायला वर गेली. साडूने गॅलरीतून ओरडून विचारलं, "मागे कोण हटलं?" पण तोवर दोघं बसथांब्याकडे निघाली होती.

तलावावर आल्यावर बायकोने आधी पाणी बघितलं. "पोपटीच्या वर, शेवाळीच्या जरा खाली," ती म्हणाली. मग तिने थेंबांची बाटली उचलली, चष्मा लावला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. 'थेंब टाकल्यावर एका मिनिटाच्या आत रंग पाहावा. नंतर रंग गडद होतो.'

"बसला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"पन्नास मिनिटं."

चाळीस पावलांना मिनिटसुद्धा लागत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांत ती अक्षरं वाचायची वेळच आली नव्हती. मग दोघं कामाला लागली. त्याने पंप चालू केला आणि तिन्हीसांजेपर्यंत भिंती घासल्या. ती काठाकाठाने चालत सांगत राहिली, "डावीकडे अजून आहे. शिडीच्या मागे. अहो, तिथे नाही, ती सावली आहे." अंधार पडल्यावर त्याने बादलीभर पाण्यात औषध कालवून काठाकाठाने सोडलं. फिल्टर थांबलाच नाही. शनिवारी सकाळी तिने गच्चीवर जाऊन वरून बघितलं आणि खाली हात हलवला. पाणी निळं झालं होतं. नळीवाल्याला निळा दिसायचा, पण तिने हात हलवेपर्यंत त्याने त्यावर विश्वास ठेवला नाही.

मग त्याने सेक्रेटरीबाईंना लेखी दिलं. 'मला लाल आणि हिरवा रंग वेगळा कळत नाही. नोकरीच्या वेळी मी खोटं बोललो. पंधरा वर्षं नळ्यांचे रंग माझ्या पत्नीने पाहिले. चूक माझी आहे, थोडी बसची.' कागद देताना शेजारी बायको उभी होती.

सेक्रेटरीबाईंनी तो दोनदा वाचला. मग रजिस्टर मागवून मागची पंधरा वर्षं चाळली. लिंबू, अबोली. लिंबू, अबोली. हळदी, अबोली. "इतकी वर्षं पाणी एकदाही बिघडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे तलाव नक्की कोण सांभाळत होतं?"

"आम्ही दोघं," नळीवाला म्हणाला. बायकोने त्याच्याकडे चमकून बघितलं. पंधरा वर्षांत हे त्याने पहिल्यांदा कुणासमोर म्हटलं होतं.

बाईंनी कागदाच्या कडेला लाल पेनाने काहीतरी लिहिलं. नळीवाल्याला वाटलं, संपलं. बायकोने वाकून वाचलं. 'आकडे दाखवणारे मीटर मागवावे. देखभालीच्या पाटीवर दोघांची नावे लिहावीत. चप्पल घालून काठावर फिरू नये.' शेवटची सूचना तिलाच होती, आदल्या दिवशी चपला घालून काठाकाठाने फिरल्याबद्दल. त्यांनी वरून सगळं बघितलं होतं.

मीटर बुधवारी आलं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. ना थेंब, ना रंग, ना कुणाला विचारायची गरज. गुरुवारी सकाळी नळीवाल्याने ते बुडवलं, आकडा बरोबर आला, रजिस्टरात लिहिला. काम संपलं होतं. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने कपाट उघडलं, नळ्या काढल्या, कोपरापर्यंत हात बुडवून भरल्या आणि थेंब टाकले. केबिनपाशी वॉचमन म्हणाला, "आता कशाला? मीटर आहे ना?" पण तोवर तो पुढे गेला होता.

बायको मशीनवर होती. तिने मान वर केली नाही. "बिघडलं का ते?"

"नाही. चांगलं चालतंय."

मग तिने मशीन थांबवलं. नळ्या घेतल्या, उजेडाकडे धरल्या, शेजारी एक रीळ लावलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. इतका वेळ तिने कधीच लावला नव्हता.

"मिनिट होऊन गेलं," नळीवाला म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली.